प्रश्नावली की सर्वांशीच जपून वागणे?

बालपणीच्या आघातांविषयी प्रत्येक रुग्णाला छापील प्रश्नावलीतून विचारावे, की न विचारता सर्वांशीच आघाताची शक्यता गृहीत धरून वागावे, असे दोन मार्ग दवाखान्यांपुढे असतात. प्रश्नावलीमुळे वर्षानुवर्षे दडपलेली गोष्ट बोलता येते. पण प्रत्येक ‘हो’ला एक गुण धरून गुणांची बेरीज झाली की माणसावर शिक्का बसतो, आणि बालपणीचे आघात व पुढचे आजार यांचा संबंध तपासणाऱ्या, ही गुणपद्धत वापरणाऱ्या १९९८च्या मूळ अमेरिकी अभ्यासाचे एक संशोधक रॉबर्ट आंडा यांनीच २०२० मध्ये हा आकडा व्यक्तीच्या निदानासाठी वापरण्याविरुद्ध इशारा दिला. दुसऱ्या मार्गात तपासणीपूर्वी प्रत्येक कृती सांगितली जाते, दार उघडे ठेवायचे की नाही हे रुग्ण ठरवतो आणि ‘थांबा’ म्हणताच डॉक्टरांचा हात खरोखर थांबतो. यात कोणी वेगळा पडत नाही. मात्र उपचारांची गरज नजरेआड राहू शकते. पुढे समुपदेशकच उपलब्ध नसेल, तर दुसरा मार्ग निःसंशय बरा.