म्हाताऱ्या रॉकस्टारला बघायला मुंबईला जायचं का? बडोदेकरांसाठी थोडा हिशोब

साठी-सत्तरीतला कुणी रॉकवाला मुंबईत येतोय अशी बातमी आली की आमच्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आत्ता नाही तर कधीच नाही, दुसरी म्हणते अरे आवाज गेलाय त्याचा, घरी बसून यूट्यूबवर जुना शो बघ आणि पैसे वाचव. मला विचाराल तर नाव बघून ठरवूच नका, त्या माणसाचा शो गळ्यावर चालतो की बोटांवर ते आधी बघा.

गळा लवकर दगा देतो, त्यातही वरच्या पट्टीत किंचाळणाऱ्यांचा. वयानुसार स्वरतंतूंची लवचिकता कमी होते आणि वरचे सूर सगळ्यात आधी जातात, मग बँड गाणी अर्धा-एक सूर खाली घेतो, कोरसवाले वाढवतो, आणि जिथे खरी कसोटी तिथे माइक पब्लिककडे. डीप पर्पल या बँडचा गायक इयान गिलन याने 'चाइल्ड इन टाइम' हे 1970 चं गाणं कित्येक वर्षांपूर्वीच म्हणायचं सोडून दिलं, मला तरी हा प्रामाणिकपणा वाटतो. एरोस्मिथ या बँडला तर गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याच्या दुखापतीमुळे 2024 मध्ये टूरिंगच बंद करावं लागलं. ढोलवाल्यांचं त्याहून वाईट, मुळात ड्रमर असलेला फिल कॉलिन्स शेवटच्या टूरमध्ये खुर्चीत बसून गायला आणि ड्रम्सवर त्याचा मुलगा होता.

गिटारवाले मात्र टिकतात (सगळे नाही, एरिक क्लॅप्टनला नसांचा त्रास आहेच). गन्स अँड रोझेस 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा गायक ॲक्सल 63 चा होता, गिटारवाला स्लॅश 59 चा, म्हणजे वयात फार फरक नाही. पण ॲक्सलचा वरचा आवाज पूर्वीचा राहिला नाही हे त्याचे कट्टर फॅनसुद्धा मान्य करतात आणि स्लॅशच्या सोलोबद्दल कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे कॅसेटमधला ॲक्सल ऐकायला जाणार असाल तर नका जाऊ, स्लॅशसाठी जरूर जा.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांचा आवाज मुळातच घोगरा किंवा मधल्या पट्टीतला. ब्रायन ॲडम्स डिसेंबर 2024 ला मुंबईत गायला तेव्हा 65 चा होता, त्याच्या आवाजात खरखर तरुणपणापासूनच, म्हणून वय फारसं कळत नाही. स्टिंग जानेवारी 2024 ला मुंबईच्या लोलापलूझा फेस्टला 72 व्या वर्षी आला, तोही सूर सोयीने फिरवून घेतो आणि बास स्वतः वाजवतो. या दोघांवर पैसे लावायला मला भीती वाटत नाही.

आपल्याकडे एक गंमत आहे. बडोदा दरबारचे गवई फैयाज खाँसाहेबांचं नाव घेत मोठे झालेले बडोदेकर म्हातारा गवई ऐकायला आनंदाने जातात, भीमसेनजी 2007 ला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात गायले तेव्हा 85 चे होते आणि लोक डोळे पुसत होते. पण ख्यालात पट्टी गायकाची, लय त्याची, आज जेवढं जमेल तेवढ्यात राग मांडता येतो. रॉकवाल्याला ती सोय नाही, समोरच्या प्रत्येकाच्या कानात 1987 ची रेकॉर्ड वाजत असते आणि तो बिचारा स्वतःच्याच पंचविशीशी स्पर्धा करत असतो.

आता पर्याय. जुना बँड आणि नवा गायक, हे मला वाटतं लोक उगाच हिणवतात. जर्नी या बँडला 2007 मध्ये आर्नेल पिनेडा यूट्यूबवर सापडला, क्वीनबरोबर ॲडम लॅम्बर्ट गातो, गाण्यांचे वरचे सूर ऐकू येतात. पण ज्याच्या पोस्टरवर आपण मोठे झालो तो माणूस नसतो, हे ज्याला खटकतं त्याला खटकतंच.

ट्रिब्यूट बँड स्वस्त पडतो, अलकापुरीत किंवा युनिव्हर्सिटीच्या फेस्टमध्ये कुणी ना कुणी वाजवतंच, सूरही बरेचदा ओरिजिनलपेक्षा नीट लागतात. (बिअर मिळणार नाही, गुजरात आहे, सेव उसळ खा.) गाणी आवडत असतील तर हे पुरे, माणूस बघायचा असेल तर नाही.

आणि ऐन भरातला बँड बघायचा तर अहमदाबाद जवळ, शंभरेक किलोमीटर. कोल्डप्ले जानेवारी 2025 ला मोटेऱ्याला आले तेव्हा आमच्यातले अर्धे रात्रीतच परत आले. आवाज, लाइट, सगळं जिथल्या तिथे, पण मला ते जरा जास्तच गुळगुळीत वाटतं, हा माझा प्रॉब्लेम.

मुंबईचं ठरलंच तर शोच्या तिकिटाआधी परतीचं रिझर्वेशन बघा. 400 किलोमीटर आहे आणि उघड्यावरचा शो दहाच्या आसपास संपतो, महालक्ष्मीहून मुंबई सेंट्रल एकच स्टेशन पण त्या गर्दीत बाहेर पडायलाच वेळ जातो, म्हणून उशिराची गाडी घ्या नाहीतर मुक्काम धरा. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर स्टँडिंगचा हट्ट सोडून सीट घ्या, स्टेजवरच्याला निदान मध्ये मध्ये आत जाऊन बसता येतं.