नाताळची सुट्टी आणि गणितात रमणारं मूल: शिबिर, ऑलिम्पियाड, संगणक की कोरी वही?

दिवाळीची सुट्टी फराळ, किल्ला आणि मामाच्या गावाला जाण्यात संपते. तिच्याकडून गणिताची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. नाताळच्या सुट्टीचं तसं नसतं. सीबीएसई-आयसीएसईच्या शाळांना आठ-दहा दिवस मिळतात, राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळांना त्याहून कमी. आधीचा पंधरवडा सहल आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींत गेलेला असतो. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, शाळेत गणित दिन होतो, तक्ते लागतात, भाषणं होतात आणि दोन दिवसांत सुट्टी लागते. गणिताची आवड असलेलं मूल घरात असेल, तर पालकांच्या फोनवर शिबिरांच्या जाहिराती यायला लागतात त्या नेमक्या तेव्हाच.

पुढचं सगळं आठवी, नववी आणि अकरावीच्या मुलांना धरून लिहिलंय. दहावी-बारावीवाल्यांसमोर जानेवारीत पूर्वपरीक्षा असते. त्यांना रोज अर्धा तास आवडीचं गणित करता आलं तरी पुष्कळ.

आधी ऑलिम्पियाड, म्हणजे गणिताच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या स्पर्धा परीक्षा, कारण तिथला निर्णय वेळापत्रकच करून टाकतं. पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, साधारण सप्टेंबरात: तीन तास, ३० प्रश्न, उत्तर फक्त पूर्णांकात. त्यातून आरएमओ ही विभागीय फेरी, ती दिवाळीच्या आगेमागे. त्यातून आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, ती जानेवारीत. मूल आरएमओमधून पुढे गेलं असेल तर हा लेख इथेच मिटा आणि त्याला एकटं सोडा. आयएनएमओला सहा प्रश्न आणि चार तासांहून जास्त वेळ असतो, म्हणजे एका प्रश्नाशी पाऊण तास झटापट करायची सवय हवी. शाळेच्या पेपरात तशी वेळच येत नाही. सुट्टीत एक दिवसाआड जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, मध्ये न उठता, पूर्ण सिद्धता लिहून काढायची. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत. ‘कसं सुटतं ते कळलं’ आणि ‘लिहून झालं’ यांतलं अंतर मुलांना तिथेच समजतं.

पण आयओक्यूएमलाच गाडी अडली असेल, तर पुढची संधी थेट पुढच्या सप्टेंबरात. नऊ महिने आधी घाम गाळून काही हाती लागत नाही. तरी डिसेंबरात ‘ऑलिम्पियाड क्रॅश कोर्स’ विकले जातात आणि घेतलेही जातात. माझ्या मते या यादीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरुपयोगी पर्याय तोच. पुढच्या इयत्तेचा पोर्शन आगाऊ उरकणं त्याच्या खालोखाल. मुलाला जूनमध्ये वर्गात कंटाळा येणार याची ही आगाऊ नोंदणी आहे, दुसरं काही नाही.

शिबिराचं मोल वेगळं असतं, ते सोबतीत. ज्याच्या वर्गात गणितावर बोलायला दुसरं कोणी नाही, त्या मुलाला आपल्यासारखीच आणखी वीस पोरं भेटणं ही मोठी गोष्ट आहे. लहान गावातल्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट खरी. मात्र तीन-चार दिवसांच्या शिबिरात शिबिर किती आणि क्लासची जाहिरात किती, ते फी भरण्याआधी पाहून घ्यावं. आयोजकांना दोनच गोष्टी विचारा: दिवसाला किती प्रश्न घेता, आणि फळ्यापाशी कोण उभं असतं? ‘चाळीस प्रश्न’ आणि ‘आमचे सर’ अशी उत्तरं आली तर फोन ठेवा. ‘चार-पाच, आणि मुलं’ असं उत्तर आलं तर पैसे वसूल. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत ऑलिम्पियाडचं प्रशिक्षण वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी चार दिवसांच्या शिबिरापेक्षा अशा वर्षभराच्या उपक्रमाची चौकशी आधी करावी.

संगणकाकडे ओढा असलेल्या मुलासाठी प्रोजेक्ट युलर, प्रोग्राम लिहून सोडवायच्या गणिती प्रश्नांचं संकेतस्थळ. २००१ पासून चालू, पूर्ण मोफत, नऊशेहून अधिक प्रश्न. पहिलाच प्रश्न बघा: १००० पेक्षा लहान अशा, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज किती? पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तीन-चार ओळींत उत्तर पडद्यावर. धोका तिथेच आहे. तेच कागदावर करून पाहा. ३ च्या पटींची बेरीज १,६६,८३३, ५ च्या पटींची ९९,५००. १५ च्या पटी दोन्हीकडे मोजल्या गेल्या, म्हणून त्यांची ३३,१६५ वजा. उरले २,३३,१६८. हजाराच्या जागी शंभर कोटी टाकले तरी कागदाला तेवढाच वेळ लागतो, आणि संगणक तोवर घरघरत बसतो. मुलाला हे एकदा दिसलं की पुढचे प्रश्न ते आपोआप दोन्हीकडून बघायला लागतं. दिसलं नाही तर ते प्रोग्रामिंग शिकेल, गणित तसंच राहील. तोही काही वाईट सौदा नाही म्हणा.

आता वही, म्हणजे एकट्याने कोऱ्या पानावर आकड्यांशी खेळणं. यावर जरा रेंगाळतो, कारण याची जाहिरात कोणीच करत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालेलं, बाकी आयुष्य आकड्यांशी खेळण्यात गेलं. त्यांचं ६१७४ बहुतेकांनी ऐकलेलं असतं, करून पाहिलेलं नसतं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. २०२६ घेऊ: ६२२० − ०२२६ = ५९९४. मग ९९५४ − ४५९९ = ५३५५. मग ५५५३ − ३५५५ = १९९८. मग ९९८१ − १८९९ = ८०८२. मग ८८२० − ०२८८ = ८५३२. आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे हलत नाही. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत हेच ठाणं येतं.

इथवर गंमत झाली, सुट्टीचं काम पुढे आहे. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी थांबतच नाहीत. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्या मारत राहतात. पाच अंकी संख्यांचं काय? प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ च्या पाढ्यातच का येतं? तीन अंकी संख्यांच्या वजाबाकीत उत्तराचा मधला अंक नेहमी ९ च का? यातला शेवटचा प्रश्न आठवीतल्या मुलाला बीजगणित वापरून एका दुपारी सुटू शकतो, आणि सुटला की ती त्याची पहिली स्वतःची सिद्धता. खर्च एका वहीचा. तोटा असा की अडलं तर सांगायला कोणी नाही, आणि जेवणाच्या टेबलावर ‘आज काय केलं?’ याचं उत्तर पाहुण्यांना सांगण्यासारखं नसतं.

निवड मुलाच्या स्वभावावर करा, मार्कांवर नको. बोलून विचार करणाऱ्याला वही घेऊन एकटं बसवलंत तर दुसऱ्या दिवशी ते मोबाइल घेईल; त्याला शिबिर, नाहीतर निदान एक मित्र द्या. हरणं सहन न होणाऱ्याला प्रोजेक्ट युलर बरं, तिथे चुकीचं उत्तर कोणाला दिसत नाही. गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्याला वही, आणि दारावर टकटक करू नका.

शिबिराचे पैसे आधीच भरून बसला असाल तर पाठवा, खुशाल पाठवा. फक्त शिबिर संपल्यावर शाळा उघडेपर्यंतचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, कारण तिथे अर्धवट राहिलेले प्रश्न सुटतात ते त्या दिवसांत. त्याच तारखांना गोव्याचं बुकिंग असेल तर वही बॅगेत टाका, रेल्वेत बारा तास असतातच.