पॅलिसेड्स पार्कमधले दहा महिने: कोरियन शेजार कसा आहे?

न्यू जर्सीत घर शोधणारी आपली माणसं सहसा एडिसन-इझलिनकडे वळतात. आम्ही गेल्या जूनमध्ये बर्गन काउंटीतल्या पॅलिसेड्स पार्कला आलो. कारण साधं होतं. नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, आणि इथल्या ब्रॉड ॲव्हेन्यूवरून 166 नंबरची बस थेट पोर्ट ऑथॉरिटी या तिथल्या बसस्थानकाला जाते. गाव कोरियन आहे हे ऐकून होतो, पण किती, ते राहायला आल्यावर कळलं. 2010 च्या जनगणनेतच इथली निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन होती. दातांचा डॉक्टर, वकील, बेकरी, चष्म्याचं दुकान, सगळीकडे पाटी आधी हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत. मतपत्रिकासुद्धा कोरियनमध्ये मिळते.

आधी मासळीबद्दल सांगते, कारण मी रत्नागिरीची. आधीच्या गावात एकदा सुकट भाजली, तर चौथ्या दिवशी इमारतीच्या व्यवस्थापनाचं वासाबद्दल पत्र आलं. त्यानंतर दोन वर्षं मी घरात सुकं आणलं नव्हतं. इथे पहिल्याच आठवड्यात एच मार्ट या कोरियन सुपरमार्केटला गेले आणि मासळीच्या काउंटरपुढे नुसती उभी राहिले. पापलेट, इथे त्याला ब्योंगओ म्हणतात. वाकटी, म्हणजे काल्छी. बांगड्याचा थोरला भाऊ शोभेल असा कोदुंगओ, आणि तिसऱ्यांच्या जवळचे पाजिराक. कापणारा माणूस बोटांनी जाडी दाखवून विचारतो, तळायला की रश्शाला. त्या संध्याकाळी मी खिडक्या उघड्या टाकून सुकट भाजली. शेजारून कुणाच्या तरी घरातून तसाच वास येत होता. मला रडू आलं, खरंच.

शाकाहारी लोकांनी मात्र जपून. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाज्यांच्या लोणच्यात, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतं, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचा रस्सासुद्धा पुष्कळदा सुक्या माशांचा असतो. प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

हॉटेलात बसलं की न मागता पाच-सहा वाट्या येतात: मोड आलेली कडधान्यं, मुळा, पालक, किमची. आपल्या ताटाची डावी बाजूच, फक्त वेगळ्या बश्यांतून, आणि संपलं की पुन्हा वाढतात. वाढणाऱ्या बाईंना लोक ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. हे कळल्यावर मला त्या हॉटेलात परकं वाटायचं थांबलं.

भाषेची अडचण खरी आहे, ती लपवणार नाही. आमचं घर म्हणजे इथे गल्लोगल्ली दिसणाऱ्या, एका भिंतीला चिकटलेल्या जोडघरांपैकी अर्धं. घर दाखवणाऱ्या एजंटने पार्किंगचं तोंडी कबूल केलं, करारात लिहिलं नाही. जानेवारीत बर्फ पडला तेव्हा गाडी चार गल्ल्या पलीकडे लावून, लेकीला कडेवर घेऊन यावं लागलं. भांडायला गेले तर तो मालकाशी कोरियनमध्ये बोलत राहिला आणि मी मध्ये उभी. त्याच आठवड्यात हांगुल शिकायला घेतलं. मूळ अक्षरं चोवीसच आहेत आणि व्यंजन-स्वर जोडण्याची रीत बाराखडी येणाऱ्याला पटकन कळते. दोन आठवड्यांत पाट्या वाचायला लागले. अर्थ अजून निम्म्याचा लागत नाही, पण ‘अन्न्योंग हासेयो’ म्हणून दोन्ही हातांनी पैसे दिले की समोरचा चेहरा बदलतो. इथे यायचं तर ही तयारी हवीच.

मुलांचं काय, असं सगळे विचारतात. शाळेतल्या मैत्रिणी चांगल्या आहेत, पण शाळा सुटली की बहुतेक मुलं हागवॉनला, म्हणजे क्लासला जातात. गणित, इंग्रजी, पियानो. संध्याकाळी अंगणात खेळायला कुणी नसतं. रविवारी सगळी कुटुंबं चर्चमध्ये. शिवाय बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची, फर्निचरची, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं कायद्याने बंद असतात. पहिल्या रविवारी गादी घ्यायला निघालो होतो, जमिनीवर झोपलो. आता आमचा रविवार जर्सी सिटीला, न्यूअर्क ॲव्हेन्यूवर तूरडाळ आणि मेथी आणण्यात जातो. लेक एकटी पडते, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आता शेजारच्या आजी. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मी त्यांना हाल्मोनी म्हणते. गणपतीत त्यांना डब्यातून पाच मोदक दिले. डबा रिकामा परत आला नाही, आठवड्याने कोबीची किमची भरून आला. 6 ऑक्टोबरला छुसक होता, त्यांचा सुगीचा मोठा सण. तो आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. 2025 मध्ये त्यांच्या पंचांगात अधिक महिना पडल्याने तो नेमका आपल्या कोजागिरीला आला. सकाळी त्यांनी मला खुणेने आत बोलावलं. परातीत तांदळाची उकड होती, ओल्या फडक्याखाली झाकलेली. गरम पाण्यात मळलेली पिठी, अगदी आपल्यासारखी. त्या अंगठ्याने खळगा करत, तीळ-साखर भरत आणि अर्धचंद्रासारखं मिटवून टाकत. मग पाइनच्या हिरव्या, सुईसारख्या पानांवर वाफवायचं. याला सोंगप्यन म्हणतात. मी एका गोळ्याला कळ्या पाडून दाखवल्या. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला, चार कळ्या स्वतः पाडल्या, पाचवी फाटली, तेव्हा मोठ्याने हसल्या. रात्री मी मसाला दूध घेऊन गेले. आम्ही दोघी पायरीवर बसून चंद्र बघत प्यायलो, न बोलता.

एकदा त्या मला सार्वजनिक ग्रंथालयाजवळच्या दगडी स्मारकापाशी घेऊन गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं हे स्मारक. 2010 मध्ये बसवलेलं, अमेरिकेतलं असं पहिलं. 2012 मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी ते काढायला सांगितलं, गावाने नकार दिला. आजींनी पाटीवरचा पाचोळा हाताने साफ केला आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. या लोकांच्या गावात मी भाड्याने राहते, याचं मला त्या दिवशी मोल वाटलं.

भाडं कमी नाही, आणि बस मॅनहॅटनला जाणाऱ्या बोगद्यापाशी रोज अडकते. तरीही जूनमध्ये करार संपला की आम्ही पुन्हा सही करणार आहोत. पार्किंगची जागा या वेळी लिहून घेऊन.