खिसा सोडला तर चांगली: १४ इंची निओप्रिन स्लीव्ह, दोन वर्षं वापरून

ऑडिटच्या कामासाठी महिन्यातले दहाबारा दिवस मी फिरतीवर असते. दोन वर्षं माझा लॅपटॉप ज्या निओप्रिनच्या स्लीव्हमधून फिरतोय, तिच्याबद्दल हे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीच्या स्लीव्ह कितीतरी नावांनी मिळतात आणि बहुतेकींची खोडही हीच.

आधी चांगलं सांगते. निओप्रिन म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबर. त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात, म्हणून ते मऊही असतं आणि पाणीही सहज आत घेत नाही. एकदा बॅगेत बाटली गळली. वह्यांचा लगदा झाला, स्लीव्ह बाहेरून ओलीचिंब, लॅपटॉप मात्र कोरडा. तरी वेष्टनावरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मी मनावर घेत नाही, कारण चेनमधून पाणी शिरू शकतंच. चेनच्या आतून कापडी पट्टी शिवलेली आहे, हे मात्र मनापासून आवडलं. आधीच्या स्लीव्हला ती नव्हती. त्या लॅपटॉपच्या कडेवर चेनच्या दातांनी माझ्या प्रत्येक दौऱ्याची हजेरी लावून ठेवली आहे.

मापाचा मात्र घोळ आहे. १४ इंच हा पडद्याचा कर्ण, लॅपटॉपचं अंग नव्हे. जुन्या यंत्रांना पडद्याभोवती रुंद काळी पट्टी असायची, आता ती नावापुरती उरली आहे. शिवाय रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाच्या जागी १६:१० चे पडदे आलेत, ते उंचीला जास्त. माझा लॅपटॉप आडव्या बाजूने बोटभर सरकतो. पट्टी घेऊन लांबी, रुंदी आणि जाडी मोजा, मगच स्लीव्ह मागवा.

आता तो खिसा. चार्जरसाठी दिलेला पुढचा खिसा नेमका झाकणाच्या मधोमध येतो. खचाखच भरलेली बस, बॅग मांडीवर, समोर उभ्या असलेल्याची पाठ बॅगेवर, आणि मध्ये चार्जरची ती वीट. तीन तासांनी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर नखाएवढा पांढुरका डाग. काच फुटली नव्हती, पण मागे प्रकाश पसरवणारे जे पातळ थर असतात त्यांवर दाबाचा वळ उठला होता आणि तो काही गेला नाही. एक्सेलच्या पांढऱ्या शीटवर तो मला रोज भेटतो. तक्रार केली, तर उत्तर आलं की खिसा ‘हलक्या वस्तूंसाठी’ आहे. वेष्टनावर चित्र चार्जरचंच आहे!

कोपऱ्यांचंही रडगाणं आहेच. पडताना लॅपटॉप बहुधा कोपऱ्यावर आदळतो, आणि इथे कोपऱ्यात जाड गादी सोडाच, नुसती शिवण आहे. बॅग खाली ठेवताना आपण ती टाकतोच, म्हणून मी तळाशी घडी घातलेला स्वेटर ठेवते आणि त्यावर स्लीव्ह.

निओप्रिन ऊबही धरून ठेवतं. पाणबुड्याला तेच हवं असतं, लॅपटॉपला नको. मी नुसतं झाकण मिटून आत सरकवायचे. हल्लीचे बरेच विंडोज लॅपटॉप झोपेतही मधूनमधून मेल आणि अपडेट बघत बसतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. एकदा बाहेर काढला तर इस्त्रीसारखा तापलेला, बॅटरी ९ टक्के. तेव्हापासून निघण्याआधी पूर्ण शटडाउन, नाहीतर हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद.

विमानासाठी बॅटरीवरचा वॅट-अवरचा आकडा, म्हणजे ती किती वीज साठवते तो, एकदा वाचून ठेवा. १०० वॅट-अवरपर्यंत केबिनमध्ये सहसा वेगळी परवानगी लागत नाही, माझी ५७ ची आहे. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात टाकायची नाही.

चोरीपुढे कुठलीही स्लीव्ह काय करणार? विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की घरी कागदावर, आणि बॅकअपची डिस्क दुसऱ्या बॅगेत.

पुन्हा घेईन का? घेईन, पण बिनखिशाची. हिचा खिसा मी सुईदोऱ्याने शिवून टाकलाय. टाके वाकडे आलेत, पण आता त्यात बोर्डिंग पाससुद्धा जात नाही.