पूर्वसूचनेची निवृत्ती आणि ऐनवेळचा निरोप

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ड्यूक विद्यापीठाला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांनी जून २०२१ मध्येच, पुढचा हंगाम आपला अखेरचा असेल, असे जाहीर केले. उत्तराधिकारी म्हणून जॉन शायर यांचे नावही लगेच ठरल्याने संघाला तयारीसाठी वर्ष मिळाले. मात्र प्रत्येक सामन्यावर निरोपाचे ओझे राहिले आणि शेवट उपांत्य फेरीत, जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाकडून झालेल्या पराभवाने झाला.

२०१९ मध्ये व्हर्जिनियाला विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, वयाच्या ५५ व्या वर्षी थांबले. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला, शिवाय संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही सैल झाली. त्यामुळे खेळाडू वर्षानुवर्षे सांभाळून घडवण्याची, बचावावर उभी असलेली बेनेट यांची पद्धत टिकणे कठीण झाले. या नव्या वातावरणासाठी आपण योग्य प्रशिक्षक नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मला शशेफ्स्की यांचाच मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण बेनेट यांच्या भरवशावर आलेल्या खेळाडूंना जेमतेम तीन आठवड्यांत हंगामी प्रशिक्षक रॉन सांचेझ यांच्यासोबत मैदानात उतरावे लागले.