खुरांसाठी बायोटिन की जस्त-तांबं?

घोड्याचे खूर तडकायला लागले, नाल ठोकताना खिळे धरेनासे झाले की पहिला सल्ला बायोटिनचाच, म्हणजे एका ब-जीवनसत्त्वाचा, मिळतो. सल्ला चुकीचा नाही. साधारण ५०० किलोच्या घोड्याला रोज १५ ते २० मिलिग्रॅम बायोटिन दिलं, तर ठिसूळ खुरांत बऱ्याचदा फरक पडतो. पण सुधारतो तो फक्त नव्याने वाढणारा खूर, जुनी भेग सांधत नाही. वाढ महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर. पुढचा भाग पूर्ण बदलायला ९ ते १२ महिने जातात. खुराच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेखाली घट्ट, गुळगुळीत पट्टा उतरताना दिसला की समजावं, लागू पडतंय. दोन महिन्यांत डबा बंद केला तर पैसे वायाच.

तरी मी आधी जस्त-तांब्याकडे बघेन. खुराचं केराटिन (खूर ज्याचा बनतो ते प्रथिन) घट्ट बांधलं जायला ही दोन्ही लागतात, आणि नुसत्या गवतावरच्या घोड्याला ती बहुधा कमी पडतात. निरोगी घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू बायोटिन स्वतः बनवतात. खनिजं मात्र खुराकातूनच यावी लागतात. तीन-चार भाग जस्ताला एक भाग तांबं हे प्रमाण ठीक. खनिज-मिश्रणात सेलेनियम हेही खनिज असेल तर मात्रा मनाने वाढवू नका, त्याच्या अतिरेकाने खूर उलट फाटतात.