अनाथ बछड्याला दूध पाजायचं तिकीट

‘वाघाच्या बछड्याला मांडीवर घेऊन दूध पाजा’ अशी कुठल्या पार्कची जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले. त्यातले थोडे परत मिळाले, तेही भलत्याच कारणासाठी.

तिकीट एकत्र होतं, वन्यजीव उद्यान आणि त्याला लागून असलेलं मत्स्यालय. मत्स्यालयाचं थोडक्यात उरकतो. जाहिरातीत ज्या काचेच्या बोगद्याचा फोटो होता, तो दुरुस्तीसाठी बंद होता आणि हे तिकीट स्कॅन होऊन आत गेल्यावर कळलं. ही झाली साधी लबाडी. खरी बनवाबनवी शेजारच्या फाटकातून आत गेल्यावर.

तिथे फलक होता ‘बचाव व पुनर्वसन केंद्र’. गाइडने सगळ्यांना गोलात उभं करून गोष्ट सांगितली. आईला शिकाऱ्यांनी मारलं, पिल्लू मरणाच्या दारातून आणलं, तुमच्याच पैशांतून त्याचं दूध येतं, मोठं झालं की रानात सोडणार. एक-दोघांच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग लगेच काउंटर. बछड्यांसाठी वेगळं तिकीट, ज्याचा बुकिंग करताना कुठे उल्लेख नव्हता. पांढऱ्या बछड्याचं आणखी महाग, कारण म्हणे ‘ही प्रजाती नष्ट होत चालली आहे’. स्वतःचा मोबाइल बाहेर ठेवायचा. फोटो त्यांचा माणूस काढणार, त्याचे पैसे निराळे.

बछडा झोपलेला होता. त्याला मानेला धरून उचललं, माझ्या मांडीवर उताणं टाकलं आणि नाकावर टिचकी मारून जागं केलं. बाटलीत जेमतेम दोन बोटं दूध. चार घोट झाले, फोटो निघाला, बाटली ओढून घेतली. ते पिल्लू नुसतंच तोंड हलवत राहिलं. पोट भरलं तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर ते पिणार कसं? मांजरकुळातलं पिल्लू पोटावर पडून दूध पितं. उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती असते, कुठलाही जनावरांचा डॉक्टर हे सांगेल. पण उताणं धरलं की फोटो गोंडस येतो.

बिंग फुटलं ते घरच्या ग्रुपवर. फोटो टाकल्या टाकल्या मावसबहिणीचा मेसेज आला, ‘अय्या, हा तर आमचाच! आम्हीपण यालाच पाजलं होतं.’ ती तिथे बऱ्याच आधी जाऊन आली होती. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. नाव तेच, अनाथपणाची गोष्ट तीच, आणि आकारही तोच! मग पर्यटकांनी टाकलेले जुने फोटो तारखा बघत चाळत गेलो. उन्हाळा असो की हिवाळा, बछडे एकाच वयाचे. मोठं कुणी होतच नव्हतं.

याचं गणित सोपं आहे. वाघीण साडेतीन महिन्यांत विते. रानात पिल्लं दोनेक वर्षं आईबरोबर असतात आणि तोवर ती सहसा पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लं जन्मल्यावर लगेच काढून घेतली की ती लवकर माजावर येते. इकडे तीन-चार महिन्यांचा बछडा चावायला, बोचकारायला लागतो, मांडीवर बसवायच्या कामाचा उरत नाही, आणि खाणं मात्र वाढतच जातं. मग तो जातो कुठे? थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या व्याघ्रमंदिरावर, म्हणजे पर्यटकांना वाघ दाखवणाऱ्या बौद्ध मठावर, २०१६ साली सरकारी कारवाई झाली. तिथून १३७ वाघ हलवले गेले आणि फ्रीझरमध्ये ४० बछड्यांची कलेवरं सापडली. दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवकांनी पदरचे पैसे मोडून वाढवलेले ‘अनाथ’ सिंह पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेल्याचं उघड झालेलं आहे. अमेरिकेने तर डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून पर्यटकांनी वाघ-सिंहांना आणि त्यांच्या बछड्यांना हात लावणंच बंद केलं.

आणि ती ‘नष्ट होणारी प्रजाती’! पांढरा वाघ ही वेगळी प्रजाती नाहीच, तो रंगातला फरक आहे. १९५१ साली रीव्याच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावून पांढरी पिल्लं मिळवली. आज पिंजऱ्यांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच वंशातले. महागड्या तिकिटातून जे टिकवलं जातं ते सख्ख्या नात्यातलं प्रजनन.

पार्कच्या संकेतस्थळावर संस्थांची बोधचिन्हं रांगेने लावलेली होती. बोधचिन्ह काय, कुणीही चिकटवेल. खात्री करायची ती त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत. ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्चुअरीज’ ही २००७ साली स्थापन झालेली संस्था आश्रयस्थानांची तपासणी करून मान्यता देते. तिच्या यादीत आमचं पार्क नव्हतं, आणि असणं शक्यही नव्हतं. तिच्या नियमांप्रमाणे आश्रयस्थानात पिल्लांची पैदास करता येत नाही आणि वाघासारखं जनावर लोकांच्या हातात देता येत नाही.

तक्रारीचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. ‘प्राण्यांचे हाल होतात’ असं लिहिलं, तर छापील उत्तर येतं, दिलगिरी आणि धन्यवाद. ‘केंद्र खोटं आहे’ असं लिहिलं, तर बुकिंगवाले म्हणतात, तुम्ही आत गेलात, बछडा हातात घेतलात, सेवा मिळाली. आमचे पैसे सुटले ते फक्त बंद बोगद्याचे, कारण जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि दारावरच्या ‘दुरुस्तीसाठी बंद’ पाटीचा फोटो दोन्ही हाताशी होते. तेव्हा बुकिंग करतानाच जाहिरातीचं पूर्ण पान जपून ठेवा, ‘रानात सोडतो’ हे वाक्य त्यात असेल तर तेही. जाण्याआधी त्यांना लेखी विचारा की आतापर्यंत किती वाघ सोडले, कुठे आणि कुणाच्या परवानगीने. आम्ही हे नंतर विचारलं. उत्तरादाखल पुढच्या भेटीचं सवलतीचं कूपन आलं.